चिनी महालाचा निळा रंग

दौलताबादला आलेला माणूस चांदमिनारपाशी फोटो काढतो, मेंढा तोफेवर हात फिरवतो आणि अंधारी, म्हणजे किल्ल्यातला काळोखा भुयारी मार्ग, बघायच्या ओढीनं पुढं सुटतो. वाटेत काळाकोटाचं दार ओलांडलं की एक पडका वाडा लागतो, तो चिनी महाल. गाइड एका वाक्यात उरकतो, ‘इथं तानाशहा कैदेत होता.’ खरंच होता. पण वाडा काही तुरुंग म्हणून बांधलेला नव्हता. तुरुंगाला कोण निळ्या-पांढऱ्या फरशा बसवतो?

त्या फरशांचे आता जेमतेम काही तुकडे उरलेत. बाकी ठिकाणी चुना उघडा पडलाय. काळ्या बेसॉल्टच्या या किल्ल्यात तेवढाच काय तो रंग. ही कारागिरी आली इराणातून. काशान हे तिथलं तिचं नावाजलेलं ठाणं. भाजलेल्या फरशीवर काचेचा लेप द्यायचा, त्यात खनिजाचा रंग मिसळायचा आणि पुन्हा भट्टीत घालायची. गडद निळ्यासाठी कोबाल्ट, हिरवट निळ्यासाठी तांबं. लेप वितळून फरशीशी एकजीव होतो, म्हणून रंग शतकानुशतकं उतरत नाही. दगा देतो तो फरशीमागचा चुना. पाणी मुरलं की त्याची पकड सुटते आणि फरशी गळून पडते.

दख्खनला इराणशी जोडणारी वाट समुद्रातून होती. दाभोळ आणि चौल या कोकणातल्या बंदरांत इराणी घोडे उतरायचे, व्यापारी उतरायचे, नशीब काढायला निघालेले पंडित आणि सरदारही. गिलानचा महमूद गावान 1453 साली असाच दाभोळला उतरला आणि पुढं बहमनींचा वजीर झाला. बिदरला त्यानं उभारलेला मदरसा 1472 साली पुरा झाला, त्याच्या भिंतींवरही याच जातीच्या फरशा आहेत. त्याच्याही आधी, 1445 साली, अलाउद्दीन अहमदशहा बहमनीनं दौलताबादेत बांधलेला चांदमिनार एके काळी अशाच फरशांनी मढलेला होता. चिनी महाल याच कुळातला.

मग नाव चीनचं का? निळ्या-पांढऱ्या चिनी भांड्यांची आठवण करून देतो म्हणून. गंमत अशी की चौदाव्या शतकात चिनी कुंभार त्या भांड्यांसाठी लागणारं कोबाल्ट इराणकडूनच मागवत.

तुरुंगाचं प्रकरण फार उशिराचं. 1687 साली आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर फितुरीनं गोवळकोंड्याचं दार उघडलं आणि औरंगजेबानं अबुल हसन कुतुबशहाला धरलं. पकडायला आलेल्यांसमोर त्यानं शांतपणे न्याहारी उरकली, असं सांगतात. हाच तानाशहा. 1677 साली दक्षिणेच्या मोहिमेवर निघालेल्या शिवाजी महाराजांचं भागानगरात, म्हणजे हैदराबादेत, थाटात स्वागत केलं, तेही यानंच. पुढं दशकभराहून अधिक काळ तो दौलताबादेत बंदिवान राहिला आणि कैदेतच वारला. त्याची कबर जवळच खुलदाबादेत आहे. औरंगजेबाचीही तिथंच आहे.

कैद्याची गोष्ट चटकदार आहे, म्हणून ती टिकली. फरशांचं बोलायला कुणी नाही. एवढी देखणी कारागिरी एका कैद्याच्या नावाखाली झाकली गेली, हे मला तरी पटत नाही. किल्ल्यावर जाल तेव्हा अंधारीकडं धावण्याआधी चिनी महालापाशी थोडं थांबा आणि त्या भिंतीकडं नीट बघा. फक्त फरशांना हात लावू नका, आता त्या मोजक्याच उरल्यात.