आसन कोणाचे? फांटे विभागीय प्रमुखाच्या अधिकाराचा शोध

६ मार्च १८४४ रोजी आजच्या घानातील केप कोस्ट किल्ल्यात एक करारनामा झाला. एका बाजूला ब्रिटिशांचे लेफ्टनंट गव्हर्नर हिल, दुसऱ्या बाजूला आठ स्थानिक प्रमुख. ‘१८४४ चा बाँड’ म्हणून प्रसिद्ध असलेला हा कागद अगदी त्रोटक आहे. जीविताचे व मालमत्तेचे रक्षण व्हावे, नरबळी आणि कर्जापोटी माणसे पकडून नेण्याची प्रथा बंद व्हावी, खून-दरोड्यासारखे गुन्हे राणीचे न्यायाधिकारी व त्या त्या भागाचे प्रमुख यांच्यापुढे चालावेत, एवढाच त्याचा आशय. या कलमांवर वसाहतीच्या इतिहासकारांनी पुष्कळ लिहिले आहे. फांटे समाजाची राज्यरचना समजून घ्यायची तर मात्र कलमांखालच्या निशाण्या अधिक बोलक्या आहेत.

आठांपैकी फक्त देंकिराच्या क्वाजो चिबूच्या नावापुढे ‘राजा’ असे लिहिले आहे. बाकी सारे ‘प्रमुख’; उदाहरणार्थ, अबुराचा क्वाशी ओटू, अनोमाबूचा अमोनू, केप कोस्टचा जो अ‍ॅगरी, डोमिनासीचा अवूसी. फांट्यांच्या शेजारी राहणाऱ्या असिन लोकांच्या तर दोन निशाण्या आहेत. एक प्रमुख चिबू कुमाची, दुसरी गेब्रेची. आणि गेब्रेचा हुद्दा ‘दुय्यम प्रमुख’ असा नोंदलेला आहे. सगळ्या फांट्यांवर एकाच धन्याची सत्ता असती, तर त्याची एक निशाणी पुरली असती. वरिष्ठाच्या शब्दाने कनिष्ठ आपोआप बांधला जात असता, तर गेब्रेला बोलावण्याचे कारण नव्हते. आपला अंमल पक्का करू पाहणाऱ्या अधिकाऱ्याला एकेकाची संमती वेगळी घ्यावी लागली. यावरून निघणारे अनुमान सरळ आहे: वरिष्ठ प्रमुखाच्या हाताखालचा प्रमुखही स्वतःच्या लोकांच्या वतीने बोलणारा धनी होता.

हे अनुमान इतर कागदांवर टिकते का, हे तपासायला हवे. त्याआधी रचना थोडक्यात पाहू. फांटे हे अकान समूहातले लोक. त्यांची वस्ती मुख्यतः घानाच्या मध्य किनारपट्टीवर. ओब्रुमांकोमा, ओडापाग्यान आणि ओसोन या तीन पुढाऱ्यांच्या मागून आपले पूर्वज उत्तरेकडच्या तेचिमानहून मांकेसिमला आले, अशी त्यांची मौखिक परंपरा आहे. पुढे मांकेसिमहून पांगलेल्या लोकांची स्वतंत्र राज्ये झाली. अशा प्रत्येक राज्याला ओमान म्हणतात आणि त्याच्या सर्वोच्च प्रमुखाला ओमानहेन. त्याच्याखाली निरनिराळ्या विभागांचे ओहेन आणि त्यांच्याखाली गावचा ओडिक्रो. मधल्या पायरीवरचा ओहेन म्हणजेच आजच्या सरकारी भाषेतला विभागीय प्रमुख.

अकान राज्यांत ही विभागणी बरीचशी युद्धाच्या मांडणीवरून आली आहे. मुख्य फळी, उजवी बाजू, डावी बाजू, पिछाडी, घरचे पथक, अशा एकेका अंगाचा एक प्रमुख असे. युद्धे थांबली तरी पदे राहिली. जमिनीची देखरेख, तंटे मिटवणे, पूर्वजांना पेय अर्पण करणे, सामुदायिक कामाला माणसे जमवणे ही मग त्या पदांची नित्याची कामे झाली.

या पदाच्या अंतरंगाची सर्वांत तपशीलवार माहिती देतात जॉन मेन्सा सर्बा. अनोमाबू येथे १८६४ मध्ये जन्मलेले सर्बा १८८७ मध्ये लंडनहून बॅरिस्टर झाले. गोल्ड कोस्टचे, म्हणजे वसाहतकाळातल्या घानाचे, ते पहिले आफ्रिकी बॅरिस्टर. फांटे रूढिकायद्यावरचा त्यांचा ग्रंथ १८९७ मध्ये आला, फांटे राज्यघटनेवरचा १९०६ मध्ये. हे साधन वापरताना एक गोष्ट विसरून चालत नाही. १८९७ मध्येच सरकारने जमिनींबाबत एक विधेयक आणले होते आणि त्याला विरोध करणाऱ्या ‘आदिवासी हक्क संरक्षण संस्थे’च्या पुढाऱ्यांत सर्बा होते. म्हणजे हा तटस्थ प्रेक्षक नव्हे. आपल्या लोकांची बाजू मांडणारा हा वकील आहे. पण याच वकिलाने रूढीच्या वर्णनाला न्यायालयांचे निवाडे जोडले, त्यामुळे त्याचे म्हणणे पडताळता येते.

सर्बांचे लेखन आणि नंतरचे अभ्यास एकत्र वाचले की नेमणुकीची रीत स्पष्ट होते. आसन, म्हणजे प्रमुखपदाची खूण असलेली बैठक, बहुधा आईच्या वंशाकडून चालते; एल्मिनासारख्या ठिकाणी मात्र ते बापाकडून जाते. मातृकुळाला एबुसुआ म्हणतात. कुळातले वडीलधारे आणि ओहेमा, म्हणजे राजमाता, योग्य माणूस सुचवतात. सल्लागार आणि लोक त्याला मान्यता देतात. मग तो आसनावर बसतो, आपल्या लोकांपुढे शपथ घेतो आणि ओमानहेनपुढे निष्ठेची शपथ घेतो. ओमानहेन ही निष्ठा स्वीकारतो, पण माणूस निवडत नाही. निवडणाऱ्यांनाच त्याला खाली उतरवण्याचाही हक्क असतो.

कामकाजातही तो एकटा नसतो. त्याची सभा भरली की बोलणारा असतो ओक्येआमे, म्हणजे प्रमुखाचा वाक्प्रवक्ता. फिर्यादीने आपले गाऱ्हाणे त्याच्यापुढे मांडायचे आणि प्रमुखाचा निर्णयही त्याच्याच तोंडून ऐकायचा. निर्णयापूर्वी सल्लागारांशी मसलत होते. जमिनीचेही तसेच. आसनाची जमीन प्रमुखाच्या ताब्यात असली तरी ती त्याची खासगी मालमत्ता नसते. सल्लागारांच्या संमतीवाचून त्याने ती विकली, तर तो व्यवहार रूढीने टिकत नाही.

त्याच्या सत्तेला आणखी एक मर्यादा आहे आणि ती खास फांटे आहे. फांट्यांच्या लढाऊ कंपन्यांना असाफो म्हणतात. केप कोस्टमध्ये अशा सात आहेत. बेन्त्सिर, अनाफो, एन्त्सिन, एन्कुम ही त्यांतली काही नावे. माणूस कुळ आईकडून घेतो, पण असाफो बापाकडून. म्हणजे प्रमुख आसनावर येतो आईच्या नात्याने, आणि त्याच्या मुलखातले हत्यारबंद लोक एकत्र येतात बापाच्या नात्याने. प्रत्येक कंपनीला स्वतःचे निशाण, स्वतःचे नायक आणि त्यांच्यावर सुपी. शिवाय सगळ्या कंपन्यांवर तुफुहेन. प्रमुखाच्या कुळाबाहेरची ही संघटित ताकद त्याला आसनावर बसवण्यात आणि प्रसंगी खेचण्यात भाग घेते. जे. सी. डी ग्राफ्ट जॉन्सन यांनी असाफोवर १९३२ मध्ये लिहिलेल्या निबंधात सामान्य माणसाच्या आवाजाचे हे स्थान ठळकपणे दिसते.

आता १८७१ कडे वळू. अशांती राज्याचा धोका आणि ब्रिटिश-डच किल्ल्यांची अदलाबदल यांमुळे फांटे प्रमुख १८६८ पासून मांकेसिमला एकत्र येऊ लागले होते. नोव्हेंबर १८७१ मध्ये त्यांनी आपल्या संघाची ४७ कलमांची लिखित घटना केली. तिचा तपशील पाहण्यासारखा आहे. राजांपैकी एक राजाध्यक्ष निवडायचा. प्रत्येक राजाने आणि मुख्य प्रमुखाने प्रतिनिधिसभेत दोन माणसे पाठवायची: एक शिकलेला, दुसरा त्या भागातला प्रमुख किंवा मुखिया. शाळा काढायच्या. जिल्हे एकमेकांना आणि किनाऱ्याला जोडणारे १५ फूट रुंदीचे रस्ते करायचे, दोन्ही बाजूंना खोल गटारे काढायची. रस्त्याची रुंदी ठरवण्याइतके हे लोक व्यवहारी होते. आणि दुय्यम प्रमुखांना सभेत जागा देताना त्यांनी काही नवे शोधले नाही. १८४४ च्या निशाण्यांत दिसणारी वस्तुस्थिती त्यांनी घटनेत उतरवली. स्थानिक ब्रिटिश प्रशासनाने या संघाच्या मंत्र्यांना अटक केली. लंडनच्या आदेशाने त्यांची सुटका झाली, तरी संघ १८७३ पर्यंत मोडकळीस आला.

यानंतरचे कागद बहुतांशी सरकारी आहेत आणि त्यांचा रोख निराळा आहे. १८८३ च्या स्थानिक अधिकारक्षेत्र कायद्याने प्रमुखांची न्यायसभा मान्य केली आणि सल्लागारांच्या संमतीने उपनियम करण्याची मुभा दिली. पण प्रमुखाला निलंबित वा बडतर्फ करण्याचा हक्क गव्हर्नरकडे ठेवला. १९०४ च्या कायद्याने प्रमुखाच्या निवडीला किंवा पदच्युतीला सरकारी दाखल्याचे बळ दिले. १९२७ च्या कायद्याने सर्वोच्च प्रमुखाचे न्यायासन आणि विभागीय प्रमुखाचे न्यायासन अशी उतरंड लावली. केप कोस्टच्या सुशिक्षित पुढाऱ्यांनी त्याला कडाडून विरोध केला. कोबिना सेकी हे त्यांतले ठळक नाव. ओमानहेनचे हात सरकारच्या आधाराने बळकट झाले, तर खालच्या प्रमुखांचा आणि असाफोंचा वचक ओसरेल, ही भीती निराधार नव्हती.

या सरकारी प्रवाहाच्या मधोमध एक निवाडा उभा आहे. ओप्पोन विरुद्ध अकिनी या १८८७ च्या खटल्यात प्रश्न असा होता की, १८७६ मध्ये वसाहतीचे सर्वोच्च न्यायालय स्थापन झाल्याने प्रमुखांचे न्यायाधिकार संपले काय. न्यायालयाने सांगितले, संपले नाहीत. जे सरकारने दिले नव्हते, ते सरकारी न्यायालय उघडल्याने आपोआप जात नाही. सर्बांच्या प्रतिपादनाला वसाहतीच्याच न्यायपीठाने दिलेला हा दुजोरा आहे.

आजच्या घानाचा कायदा या दोन्ही प्रवाहांचा वारस आहे. २००८ च्या कायद्यात सर्वोच्च, विभागीय, उपविभागीय प्रमुख आणि ओडिक्रो अशी श्रेणी आहे. तीत वसाहतकाळातली उतरंड ओळखू येते. पण १९९२ च्या राज्यघटनेच्या २७७ व्या कलमातली व्याख्या जुन्या रीतीची आहे: योग्य कुळात जन्मलेला आणि रूढीप्रमाणे रीतसर निवडून आसनावर बसवलेला, तो प्रमुख. २७६ व्या कलमाने त्याला पक्षीय राजकारणापासून दूर ठेवले आहे. आसनाच्या जमिनीचे उत्पन्न कसे वाटायचे, हेही घटनेत लिहिले आहे. प्रशासनखर्चाचे १० टक्के वजा करून उरलेल्यातले २५ टक्के आसनाच्या इतमामासाठी, २० टक्के पारंपरिक सत्तेसाठी आणि ५५ टक्के जिल्हासभेसाठी.

दीडशे वर्षांहून अधिक काळाच्या या कागदांचा माझ्या मते निष्कर्ष एकच निघतो. फांटे विभागीय प्रमुख ही वरून खाली उतरलेल्या सत्तेची मधली पायरी नव्हे. त्याला उभे करतात त्याचे कुळ, त्याचे सल्लागार आणि त्याच्या मुलखातले असाफो. ओमानहेनशी त्याचे नाते शपथेचे आहे, नेमणुकीचे नाही. सरकारांनी त्याला कारकुनी श्रेणीत बसवले, दाखले दिले, बडतर्फही केले. पण आसनाची मालकी त्यांना कधी मिळाली नाही. फांटे राज्यव्यवस्थेचा इतिहास ओमानहेनांच्या वंशावळ्यांपुरता लिहिला, तर तो अपुरा राहील. तो गेब्रेसारख्या दुय्यम प्रमुखांच्या निशाण्यांपासून लिहायला हवा.