दूरनियंत्रक आणि जांभ्याची भिंत : घरगुती ध्वनियंत्राच्या इतिहासातील एक उपेक्षित दुवा

दूरनियंत्रकाचा इतिहास सामान्यतः तारेकडून बिनतारीकडे झालेला प्रवास म्हणून मांडला जातो. हे अर्धसत्य होय. अमेरिकेतील झेनिथ कंपनीचा 1950 चा 'लेझी बोन्स' तारेनेच चाले आणि ती तार पायांत अडके. 1955 च्या 'फ्लॅश-मॅटिक'ने प्रकाशाचा आधार घेतला. परंतु संचावर ऊन पडले की वाहिनी आपोआप बदले. 1956 मध्ये रॉबर्ट अ‍ॅडलर यांच्या रचनेत श्रवणातीत ध्वनी आला. पुढे 1980 च्या दशकात अवरक्त किरण रूढ झाले.

अवरक्त किरण मात्र भिंत ओलांडत नाहीत. जगदीशचंद्र बोस यांनी 1895 मध्ये कलकत्त्यात भिंतीपलीकडील घंटा वाजविली, ती विद्युतचुंबकीय सूक्ष्मलहरींनी. मालवण किनाऱ्यावरील जांभ्या दगडाच्या घरात हा भेद विशेष जाणवतो. खारी हवा व पावसाची झड यांपासून जपण्यासाठी ध्वनिवर्धक माजघरात ठेवला, तर ओटीवरून दाबलेली कळ व्यर्थ जाते. येथे तार पुन्हा उपयोगी पडते. मात्र ती माणसाच्या हातापर्यंत येत नाही, भिंतीच्या अलीकडेच थांबते. तीन पायांचा ग्राही ओटीवर बसवून विद्युतपुरवठा, भूतार व संकेत अशा तीन तारा यंत्रातील मूळ ग्राहीच्या ठिकाणी थेट जोडल्या जातात. बहुधा 38 किलोहर्ट्‌झची असणारी वाहक लहर ग्राहीतच गाळली जाते व यंत्राला केवळ संकेताचे स्पंद मिळतात. म्हणूनच ज्या यंत्राच्या मागील खाचेला वाहक लहरीसह संकेत अपेक्षित असतो, ते या जोडणीला दाद देत नाही.