तमिळनाडूतून एव्हरेस्टकडे

एव्हरेस्टवर पोहोचलेल्या पहिल्या भारतीय स्त्री बचेंद्री पाल यांचा जन्म उत्तरकाशीकडचा. १९६५ साली स्थापन झालेली नेहरू गिर्यारोहण संस्थाही तेथलीच. २३ मे १९८४ रोजी त्यांनी शिखर गाठले ती मोहीम राष्ट्रीय होती. यांपैकी कोणतीही अनुकूलता विरुधुनगर जिल्ह्यात जन्मलेल्या मुत्तमिळसेल्वी यांच्या वाट्यास आली नव्हती. चेन्नईत जपानी भाषा शिकविणाऱ्या या शिक्षिकेने डोळ्यांवर पट्टी बांधून टेकडी उतरण्याचे साहस आधी केले होते. परंतु टेकडी कोठे आणि ८,८४८ मीटरांहून उंच हिमशिखर कोठे! २३ मे २०२३ रोजी (तारीख तीच, हा योगायोग) त्या एव्हरेस्टवर पोहोचल्या. तमिळनाडूतील स्त्रीचे हे पहिलेच यश होय.

मधल्या ३९ वर्षांचा उलगडा केवळ भूगोलाने होत नाही. एव्हरेस्टवरील बहुतेक आरोहणे आता शुल्क भरून होतात. त्यामुळे पूर्वी निवडीपाशी असलेला अडसर द्रव्यापाशी आला. सेल्वी यांनाही राज्यशासनाचे साहाय्य घ्यावे लागले. हिमालयापासून दूरच्याच तेलंगण भागातील आदिवासी मुलगी मालावत पूर्णा २०१४ सालीच, वयाच्या तेराव्या वर्षी, शिखरावर पोहोचली होती. तिला पाठविणारी शासकीय निवासी शाळांची व्यवस्था होती.