घड्याळाचा काटा आणि फ्लॉवरची होडी

आजचा भाग जरा वेगळा आहे. दरवेळी मी जुनी पुस्तकं चाळून तुमच्यासमोर येतो, यावेळी मामांचं बोट धरून आलोय. मामा निफाड तालुक्यातले, टोमॅटो आणि कांदा करतात. ते शेतकऱ्यांच्या अभ्यासदौऱ्यावर नेदरलँड्सला निघाले तेव्हा मीही पदरचे पैसे भरून सोबत गेलो. कारण काय, तर मामांना इंग्रजी येत नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही हिंडायचं होतं.

पहिले दोन दिवस वेस्टलंडमध्ये. हेग शहराच्या खालच्या अंगाला हा पट्टा आहे आणि नजर जाईल तिथे काचेची घरं. टोमॅटोची झाडं मातीत नाहीत, दगडाच्या लोकरीत. परागीभवनाला पाळलेले भुंगे, वरून कार्बन डायऑक्साइडचा खुराक. आमच्या बसमधल्या प्रत्येकाचा मोबाईल वर. मामा मात्र गप्प. बाहेर आल्यावर म्हणाले, "हे समदं ठीक हाय रे. पन हा माल इकतो कुठं? भाव कोन करतं?"

हा प्रश्न कुठून आला ते मला माहीत होतं. त्याच्या आदल्या हंगामात मामांनी पिकअपभर टोमॅटो बाजारात नेले होते. वीस किलोच्या कॅरेटला जो भाव पुकारला गेला, त्यात तोडणीची मजुरी आणि गाडीभाडंसुद्धा निघत नव्हतं. माल परत आणला आणि गुरांपुढे टाकला. त्या रात्री मामा जेवले नाहीत.

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर तिसऱ्या दिवशी मिळालं. निदान अर्धं तरी. अल्कमारजवळ ब्रुक ऑप लांगडाइक नावाचं गाव आहे. हा सगळा भाग पूर्वी पाण्यात. कालव्यांच्या जाळ्यात शेताचे छोटे छोटे तुकडे, म्हणून त्याला हजार बेटांचं राज्य म्हणायचे. शेतावर जायचं तर होडी, कोबी आणायची तर होडी. शेतकरी माल घेऊन निघाला की व्यापारी काठावर गाठायचा आणि तिथेच सौदा. माल नाशवंत, शेतकरी एकटा, म्हणजे भाव कुणाच्या मनासारखा व्हायचा हे निफाडच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

1887 चा जुलै. गोष्ट अशी सांगतात की याँगरलिंग नावाचा शेतकरी फ्लॉवरची होडी घेऊन निघाला होता आणि घेणारे निघाले एकापेक्षा जास्त. तेव्हा एकाशी कानात बोलण्याऐवजी सगळ्यांसमोर लिलाव झाला. भाजीच्या डच लिलावाची सुरुवात इथूनच धरतात.

या लिलावाची तऱ्हा आपल्या उलट. आपल्याकडे बोली खालून वर चढते. तिथे भाव वरून खाली येतो. पुढे त्यासाठी भिंतीवर मोठं घड्याळ आलं. काटा चढ्या भावापासून खाली सरकतो, बाकांवर बसलेल्या व्यापाऱ्यांपैकी जो पहिल्यांदा बटण दाबेल त्याचा माल. थांबलास तर स्वस्त मिळेल, पण जास्त थांबलास तर दुसरा नेईल. घासाघीस नाही, आरडाओरडा नाही.

इथे आपल्याकडची हत्ता पद्धत आठवा. दलाल आणि व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचे आणि ज्याचा माल तो शेतकरी शेजारी उभा राहून नुसता रुमाल बघायचा. उघड लिलावाचा नियम आला तो हे बंद करायला, आपला 1963 चा बाजार समिती कायदा त्याच वाटेवरचा. फरक एवढाच की हॉलंडमध्ये शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांनी लिलावच स्वतःच्या हातात घेतले आणि सभासदांवर बंधन घातलं: सगळा माल इथेच विकायचा, चोरून बाहेर द्यायचा नाही. बंधन जाचक होतं, पण माझ्या मते सगळी ताकद त्यातच होती.

1912 मध्ये लांगडाइकला लिलावाची इमारत बांधली ती पाण्यावर, लाकडी खांबांवर. भरलेली होडी एका बाजूने थेट हॉलमध्ये शिरायची, काटा थांबायचा, होडी दुसऱ्या बाजूने बाहेर.

म्हणजे सगळं गोड झालं का? नाही. माल जास्त आला की काटा किमान भावाच्याही खाली जायचा आणि कुणीच बटण दाबायचं नाही. असा माल बाजारातून काढून जनावरांना घालायचे किंवा फेकून द्यायचे. 1930 च्या मंदीत हे फार झालं. त्याला डच भाषेत शब्द आहे, 'दोरद्राएन', म्हणजे काटा पुढे फिरून जाणं. गंमत बघा, आज तिथे डोकं फिरलेल्या माणसालाही हाच शब्द लावतात. मी हे मामांना सांगितलं तर ते हसले नाहीत. "म्हंजे यांनी बी गुरांना घातलं," एवढंच म्हणाले.

पुढे बेटं जोडून सलग शेतं केली, रस्ते झाले, होड्यांचं काम संपलं. 1973 मध्ये हा लिलाव बंद पडला, आता तिथे संग्रहालय आहे. बाकीच्या भाजी लिलावांनाही सुपरमार्केटनी घेरलं. मोजक्या साखळ्यांना वर्षभर ठरलेला माल, ठरलेल्या भावात, थेट हवा होता. 1996 मध्ये नऊ लिलाव संस्था एकत्र येऊन 'द ग्रीनरी' झाली आणि भाजीचं घड्याळ हळूहळू मागे पडलं. फुलांचं घड्याळ अजून चालतं, पण व्यापारी आता घरबसल्या बटण दाबतात.

"मग आता टमाट्याचा भाव कोन करतं?" मामांनी परत विचारलं. मी भाषांतर केलं. तिथली बाई क्षणभर थांबली आणि म्हणाली, मोठी दुकानं.

संग्रहालयात पाहुण्यांनाही बाकावर बसून लिलाव खेळता येतो. मामा बसले. भाजीची छोटी पिशवी आली, काटा सुटला. मी म्हटलं, "मामा, थांबा, अजून उतरेल." त्यांनी ऐकलं नाही, काटा वर असतानाच बटण दाबलं. आख्ख्या हॉलमध्ये सगळ्यात महाग भाजी आमची. बाहेर आल्यावर मी विचारलं, एवढी घाई का केली?

"अरे, पिकवनारा बी कोनीतरी आसंल ना," मामा म्हणाले आणि पिशवी घेऊन बसमध्ये चढले.