तलाव हीच ठेव : गोंदियातील ढिवर कुटुंबांचे अर्थकारण

मच्छीमार म्हटला की आपल्या नजरेसमोर समुद्रकिनारा येतो. परंतु राज्याच्या पूर्व टोकाला, समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या गोंदिया जिल्ह्यातही मासेमारीवर जगणारा ढिवर समाज आहे. १९९९ साली भंडाऱ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा तलावांसाठी प्रसिद्ध आहे. येथील बहुतेक जुने तलाव कोहळी समाजाने भातशेतीसाठी बांधले. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे मानले जाते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली आणि हे तलाव शासनाकडे गेले. आज मच्छीमार सहकारी संस्था ते ठेक्याने घेतात.

ढिवर कुटुंबाच्या मिळकतीचे गणित या ठेक्यापासून सुरू होते. ठेक्याची रक्कम आणि मत्स्यबीजाचा खर्च आधी करावा लागतो. मासळीचा पैसा मात्र अनेक महिन्यांनी हाती येतो. मधल्या काळात व्यापाऱ्याकडून उचल घेतली, तर पुढे मासळीचा भाव तोच ठरवितो. शिवाय भाताला पाणी सोडले की तलाव आटू लागतो. शेतकऱ्याचे पीक वाचते, त्याच वेळी ढिवरांची मासळी धोक्यात येते.

रोहू, कटला आणि मृगळ हे मासे झपाट्याने वाढतात. परंतु साचलेल्या पाण्यात त्यांची वीण होत नाही. म्हणून त्यांचे बीज पुनःपुन्हा विकत आणावे लागते. याउलट मरळीसारखे स्थानिक मासे तलावातच वाढतात. त्यांना पाणवनस्पतींचा आसरा तेवढा हवा असतो. बेशरमसारख्या झुडपांनी तलाव व्यापले आणि हा आसरा नाहीसा होऊ लागला. अर्जुनी-मोरगाव परिसरातील ढिवर स्त्री-पुरुषांनी मनीष राजनकर व त्यांच्या सहकाऱ्यांसमवेत ही झुडपे उपटून स्थानिक पाणवनस्पती लावल्या. आमच्या मते हा केवळ निसर्गरक्षणाचा उपक्रम नव्हे. रोख भांडवलाविना वाढणारी ती कुटुंबाची ठेवच होय.

संकटात तगून राहण्याचा दुसरा आधार म्हणजे मिळकतीच्या अनेक वाटा. मासळीची विक्री, शिंगाड्याचे पीक, रोवणीची मजुरी आणि रोजगार हमीचे काम यांवर घर चालते. त्यातील मोठा वाटा स्त्रियांच्या कष्टांचा असतो. बचत गटाचे अल्प कर्ज वेळेवर मिळाले, तर व्यापाऱ्याची उचल टळू शकते.

२०१८-१९ पासून किसान क्रेडिट कार्डाची सोय मच्छीमारांनाही लागू झाली. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. या सवलती मोलाच्या आहेत. तथापि कर्जाने जाळे घेता येईल, बीजही घेता येईल. तलावात पाणीच उरले नाही तर ते कर्ज फेडायचे कशातून? म्हणूनच तलावात किमान किती पाणी राखावे, हे शेतकरी आणि ढिवर यांनी एकत्र बसून ठरविणे अगत्याचे आहे.