'कॉम्प्रिहेन्सिव्ह' म्हणजे नेमकं काय? गाडीच्या विम्यात 'सगळं' येतं का?

गाडीच्या विम्यावर 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' हा शब्द दिसला की अनेकांना वाटतं, आता सगळाच खर्च कंपनी देणार. इथेच गल्लत होते.

हे इंग्रजी विशेषण लॅटिनमधल्या 'एकत्र पकडणे' अशा अर्थाच्या क्रियापदावरून आलं आहे. एखाद्या विषयाच्या सगळ्या किंवा जवळपास सगळ्या बाजू कवेत घेणारं, ते कॉम्प्रिहेन्सिव्ह. मराठीत 'सर्वंकष' किंवा 'सर्वसमावेशक'. १९९६ चा सीटीबीटी म्हणजे 'सर्वंकष अणुचाचणी बंदी करार', तो याच शब्दामुळे. 'कॉम्प्रिहेन्सिबल' मात्र वेगळा. त्याचा अर्थ समजण्याजोगा. विम्याचा मजकूर तसा क्वचितच असतो!

विम्यात हा शब्द थर्ड पार्टी विम्याच्या तुलनेत वापरला जातो. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. त्यात समोरच्याचं नुकसान भरून मिळतं, तुमच्या गाडीचं नाही. कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत अपघात, चोरी, आग, पूर यांमुळे तुमच्या गाडीचं झालेलं नुकसानही येतं.

पण रोजच्या वापरातली झीज त्यात धरत नाहीत. दारू पिऊन किंवा लायसन्सशिवाय गाडी चालवली असेल, तर क्लेम नाकारला जाऊ शकतो. बदललेल्या पार्ट्सच्या किमतीतून घसारा कापला जातो. तो टाळायला 'झिरो डेप' अॅड-ऑन जादा पैसे भरून घ्यावा लागतो. आणि पाण्यात अडकलेली गाडी सुरू करताना इंजिन गेलं, तर साध्या कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये तो खर्च सहसा मिळत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शन हा आणखी एक अॅड-ऑन असतो.