पगार की आवड? इंजिनीअरिंगची शाखा निवडताना काय तपासायचं?

एमएचटी-सीईटीचा निकाल लागला की धाराशिव जिल्ह्यातल्या अनेक घरांत एकच वाद सुरू होतो. समजा, कळंबच्या एका मुलीला मोटर, वायरिंग, पॅनेल यात रस आहे. तिला इलेक्ट्रिकल घ्यायचंय. घरचे म्हणतात, "कॉम्प्युटर घे, पुण्यात चांगलं पॅकेज मिळतं." मग ऐकायचं कुणाचं?

पॅकेज म्हणजे हातात येणारा पगार?
नाही. ४ लाखांचं पॅकेज म्हणजे महिन्याला ३३,३३३ रुपये, असं आपण धरतो. पण त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि बहुतेक वेळा ग्रॅच्युइटीही मोजलेली असते. शिवाय तुमच्या वाट्याचा पीएफ आणि व्यवसाय कर कापला जातो. उरलेल्यातून पुण्यातलं खोलीभाडं आणि मेस. म्हणून कॉलेजला 'सर्वांत मोठं पॅकेज किती?' हे विचारू नका. 'या शाखेतल्या किती जणांना नोकरी लागली आणि बहुतेकांना किती पगार मिळाला?' हे विचारा.

आवड खरी आहे हे कसं ओळखायचं?
मोबाईल आवडणं म्हणजे कोडिंग आवडणं नव्हे. सुट्टीत एखादा छोटा प्रोग्रॅम लिहून बघा. ओळखीच्या वायरमनसोबत चार दिवस कामावर जा. बिघाड शोधताना कंटाळा येतो की वेळ कसा गेला तेच कळत नाही, यावरून अंदाज येईल.

जिल्ह्यात काम आहे का?
साखर कारखाने आहेत, भूम-वाशी भागात पवनचक्क्या आहेत. तिथे इलेक्ट्रिकल आणि मेकॅनिकलवाले लागतात. पण नोकरी कायम आहे की कंत्राटी, हे आधी विचारा.

फीचं काय?
आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. सरकारी प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश मात्र हवा. कर्जाचं ओझं नसेल, तर पहिल्या पगाराची घाईही कमी होते.

अर्ज भरताना काय लक्षात ठेवायचं?
पहिल्या फेरीत पहिला पसंतिक्रम मिळाला, तर तोच घ्यावा लागतो. त्यामुळे घरातला वाद अर्ज भरण्याआधीच मिटवा. कर्ज काढावं लागणार असेल, तर आधी हप्ता आणि हातात येणारा पगार शेजारी शेजारी लिहा. हप्ता झेपत असेल, तर आवडीची शाखा वर ठेवा. पॅकेजचा आकडा वर्षावर्षाला बदलतो, काम मात्र रोज करायचं असतं.